पाणी तोडणे आणि पाणी तुटणे

दुष्काळातली ज्वारी गोड लागते, असे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझी आई मंगळवेढा तालुक्यातली. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली त्याला पंचेचाळीसच्या वर वर्षे झाली. पंचगंगेच्या पाण्यावर तिने आम्हाला वाढवले, तांबडा-पांढरा रस्सा करायला ती शिकली, बोलण्यातही कोल्हापुरी ठसका आला. पण भाकरीच्या बाबतीत ती अजून माहेरचीच आहे. बाजारातली ज्वारी दळून आणली की पहिल्या भाकरीचा तुकडा ती कोरडाच चावते आणि सांगते, "पाण्यावरची ज्वारी ही. हिला ग्वाडी न्हाई." तिच्या मते ज्या साली पाऊस कमी, त्या सालचा दाणा बारीक, पण गोड.

मी शिक्षणाने बी.कॉम. आणि नोकरीने लिपिक. जमाखर्चापलीकडचे शास्त्र मला कोणी शिकवले नाही. परंतु आमच्या वस्तीत आम्ही काही जणी मिळून शाळकरी मुलांची अभ्यासिका चालवतो. तेथे मुलांना आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, की मोठ्यांनी सांगितले म्हणून खरे मानू नका, तपासून बघा. मग आईचे म्हणणे तरी न तपासता कसे सोडायचे? दुष्काळात धान्याची गोडी खरोखर वाढते, की गोड हा शब्द आपल्या माणसांनी उपासमारीची समजूत घालण्यासाठी लावलेला आहे?

ही चौकशी मी मनावर घेतली ती २०१८ सालानंतर. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला शासनाने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्यात होते. माझ्या मामाची तिकडे स्वतःची दोन एकर जमीन आहे आणि तीन एकर तो निम्म्या वाट्याने करतो. सगळी कोरडवाहू, काळी जमीन. कोल्हापूरच्या वाचकांना तिकडची शेती डोळ्यांसमोर यावी म्हणून सांगते. आपल्याकडे गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर मंगळवेढ्याला तो पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. तिकडची मुख्य ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला की ओलीवर पेरायची. पुढे पाऊस नाही. काळ्या मातीने पोटात जेवढे पाणी धरून ठेवले तेवढ्यावर पिकाने फेब्रुवारीपर्यंत तग धरायची. चांगल्या सालीसुद्धा हे पीक शेवटी तहानलेलेच असते. २०१८ साली तर परतीचा पाऊस आलाच नाही म्हणावे लागेल. पेरले ते विरळ उगवले, पोटरीत आले ते निसवता निसवता अडकले. पाच एकरांत मिळून मामाला चार-साडेचार क्विंटल ज्वारी झाली. त्यातून जमीनमालकाचा वाटा गेला, दुकानाची उधारी गेली. दाणा बारीक म्हणून व्यापाऱ्याने भावात काट मारली ती वेगळीच.

तरीही त्याने बहिणीसाठी वीस किलोची पिशवी एस.टी.ने पाठवली. आईने त्याच दिवशी दळण काढले. भाकरी खाऊन झाल्यावर मोठ्या आनंदाने तिने मामाला फोन लावला, "दादा, ज्वारी लई ग्वाड हाय यंदाची." पलीकडून मामा म्हणाला, "ग्वाड असंल गं. पर हाय किती?"

या एका वाक्याने मला कामाला लावले. कारण हिशेबाच्या भाषेत मामाने जे विचारले ते अगदी नेमके होते. आई टक्का सांगत होती आणि मामा एकूण विचारत होता.

मी शेतकी पदवीधरांना विचारले, पुस्तके मिळवली, आणि जे समजले ते आपल्या घरातल्या मुलांनाही समजेल असे येथे मांडते.

झाडाची पाने उन्हात साखर तयार करतात. ती साखर पाण्यात विरघळून ताटातून कणसाकडे जाते. दाणा कोवळा असतो तेव्हा तो या साखरेच्या पाण्याने भरलेला असतो. आपण म्हणतो दाणा चिकात आला. पुढे हुरडा होतो. हुरडा गोड लागतो तो याचमुळे, की त्यातली पुष्कळशी साखर अजून साखरच असते. त्यानंतर दाणा या साखरेचे पिठूळ द्रव्य करून आत रचून ठेवू लागतो, त्याला स्टार्च म्हणतात. पक्व दाण्यात ७० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, दहाएक टक्के प्रथिने असतात आणि मोकळी साखर एक-दोन टक्केच उरते. पोट भरते ते या स्टार्चने. हुरड्याची गोडी गेली याचा अर्थ दाणा भरला, असा आहे. अभ्यासिकेत आम्ही जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक-एक थेंब कुस्करलेल्या कोवळ्या दाण्यावर आणि जुन्या दाण्याच्या पिठावर टाकून पाहिला. स्टार्च आयोडीनने निळा-काळा होतो. जुने पीठ शाईसारखे झाले, कोवळा दाणा त्या मानाने फिका राहिला. मुलांनी मग घरातले पोहे, बटाटा, साबुदाणा, सगळ्यावर आयोडीन टाकण्याचा सपाटा लावला आणि दोघींच्या आया तक्रार घेऊन आल्या, ते असो.

आता पाणी तुटले तर काय होते? झाड पहिल्यांदा पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, म्हणजे आतले पाणी उडून जाऊ नये. पण त्याच छिद्रांतून हवा आत येत असते. हवा बंद म्हणजे साखर करण्याचे कामही मंदावले. त्याच वेळी झाड आपल्या पेशींमध्ये साखर व तत्सम विरघळणारे पदार्थ साठवू लागते. साखर पाणी धरून ठेवते, हे घरी गूळ ओलसर होताना आपण पाहतोच. म्हणजे तहानलेल्या झाडाच्या अंगात साखर वाढते ती चैन म्हणून नव्हे, उरलेले पाणी टिकवण्यासाठी.

आणि दाण्याचे काय? पाने थकली की झाड ताटात आधी साठवलेली साखर उपसून कणसाकडे पाठवू लागते. या कामात मालदांडी ज्वारी तरबेज समजली जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढला गेला. तो आज नव्वद वर्षांच्या आसपास होऊनही दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने सोडलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही उगाच नव्हे. स्वतःचे ताट रिकामे करून दाणा भरणारे हे पीक आहे.

पण त्यालाही मर्यादा आहे. दाणा भरण्याच्या दिवसांत पाणी नसेल तर साखरेचा स्टार्च करणारी आतली यंत्रणा मंदावते आणि दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. जो दाणा पस्तीस-चाळीस दिवस भरायचा तो आधीच वाळतो. आत आलेली थोडी साखर स्टार्च न होता तशीच राहते. स्टार्च कमी रचला गेल्यामुळे साखरेचा आणि बहुधा प्रथिनांचाही टक्का वर जातो. सगळ्या पिकांत आणि सगळ्या सालांत हे सारखेच घडते असे नाही, पाणी कधी तुटले त्यावर फरक पडतो. पण सर्वसाधारण कल हाच आहे. तेव्हा आईच्या जिभेने दिलेली साक्ष खोटी नाही.

आता मामाच्या प्रश्नाकडे वळू. समजा, चांगल्या सालात एका एकरात सहा क्विंटल ज्वारी झाली आणि तिच्यात मोकळी साखर दीड टक्का आहे. म्हणजे साखर झाली ९ किलो. स्टार्च ७० टक्के धरला तर तो झाला ४२० किलो. दुष्काळी सालात त्याच एकरात दीड क्विंटल झाली, साखर वाढून दोन टक्के झाली. म्हणजे ३ किलो. स्टार्च घटून ६६ टक्के, म्हणजे ९९ किलो. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण त्यांची चाल खरी आहे. टक्का वाढला आणि माल एकतृतीयांश, एकचतुर्थांश झाला. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो पीठ लागते असे म्हटले तर सहा क्विंटल तीनशे दिवस पुरतील. दीड क्विंटल पंचाहत्तर दिवसांत संपतील. मग पुढचे दोनशे पंचवीस दिवस काय खायचे, ते साखरेच्या टक्क्यात लिहिलेले नसते.

हे इतके फोडून सांगण्याचे कारण आहे. हल्ली शहरातल्या कार्यक्रमांतून कोरडवाहू धान्याचे फार कौतुक चालते. ते सकस आहे, चवदार आहे, मधुमेह्याने खावे, असे सांगितले जाते. ज्वारी चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बोलता बोलता एखादा वक्ता दुष्काळालाच गुण चिकटवतो, जणू तहान लागल्यामुळे माणूसही गोड होतो. एका व्याख्यानात "कष्टाची माती गोड दाणा देते" अशा अर्थाचे वाक्य मी ऐकले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. १९७२ साली ती पंधरा वर्षांची होती. रोज सकाळी दुष्काळी कामावर जाऊन ती खडी फोडत असे. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी तिने खाल्लेली आहे. मिलोची भाकरी थापताना फुटायची आणि घशाखाली उतरत नसे, एवढेच ती सांगते. पुढचे विचारले की उठून जाते.

तरी पण कोरड्या हवेचा काहीच उपयोग नाही असे म्हणणेही बरोबर होणार नाही. खरिपाची ज्वारी पिकते तेव्हा पाऊस चालू असतो. कणसात पाणी शिरते, बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि चव जाते. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत, उन्हात पिकते, म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा पांढरा आणि चवीला चांगला. दाणा भरून झाल्यावर आलेली कोरड त्याला पक्का करते, भरण्याच्या आधी आलेली कोरड त्याला मारते. तेव्हा सगळा प्रश्न वेळेचा आहे. पाणी किती, याच्या इतकेच पाणी कधी, हे महत्त्वाचे.

आणि येथेच मला आपला कोल्हापूरचा ऊस आठवला.

उसाची साखर बियात नसते, ताटात असते. पण तत्त्व एकच. ऊस जोमाने वाढत असतो तोवर केलेली साखर तो नवी पाने, नवी कांडी काढण्यात खर्च करतो. तोडणीआधी काही आठवडे पाणी बंद केले की वाढ थांबते, पण पाने उन्हात साखर करतच राहतात. ती खर्च होत नाही, कांडीत साठते. म्हणून जाणता शेतकरी तोडणीपूर्वी पाणी तोडतो. थंडीही या कामी मदत करते. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा बहुतेक हंगामांत बारा टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो देशातल्या चांगल्या उताऱ्यांत मोडतो. त्यात येथील माती, हवा, उसाचे वाण या सगळ्यांचा वाटा आहे. तसाच पाणी हवे तेव्हा देता येते आणि हवे तेव्हा तोडता येते, याचाही आहे. छत्रपती शाहू महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. त्या पाण्यावर हा सारा पट्टा उभा आहे. हेच पाणी ऊस कमरेएवढा असताना महिना-दोन महिने मिळाले नाही, तर उसाचीही ज्वारीसारखीच गत होते. कांडी आखूड, आत पोकळ, वजन कमी. नको तेव्हा जादा पाणी झाले तरी तेच. २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर उसात कित्येक दिवस थांबून राहिला. शेंडे कुजले. त्या उसात वजनही राहिले नाही आणि गोडीही.

२०१८-१९ च्या त्याच हंगामात मामाचा मुलगा आणि सून ऊसतोडीला आले होते. गावात काम नव्हते. मुकादमाकडून उचल घेऊन एक कोयता म्हणून दोघे आपल्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या टोळीत दाखल झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एका रविवारी आई आणि मी डबा घेऊन त्यांच्या फडावर गेलो. कोप्यांच्या रांगेत चुली पेटलेल्या, मुले वाढ्यांवर खेळत होती. भाचा मला म्हणाला, "ताई, ह्या रानाचं पाणी दीड महिना तोडलंय. ऊस ग्वाड हाय, पर हलका भरतोय." त्याला मजुरी टनावर होती. पाणी तोडलेल्या उसात साखरेचा टक्का वाढतो, पण पाण्याचे वजन घटते. वाढलेली साखर कारखान्याच्या पोत्यात जाते. घटलेले वजन तोडणाऱ्याच्या हिशेबात दिसते. शेतकऱ्याचेही काही अंशी तसेच. उसाचा रास्त भाव उताऱ्यावर ठरतो खरा, पण तो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एकट्या शेतकऱ्याने पाणी तोडून ऊस गोड केला तर त्याचे वजन घटते आणि त्याची गोडी सगळ्यांच्या सरासरीत मिसळून जाते. म्हणून कित्येक जण तोडणीच्या दिवसापर्यंत पाणी चालू ठेवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनीही हिशेबच केलेला असतो.

परत येताना आई एस.टी.त म्हणाली, "हिकडं पाणी तोडत्यात. आमच्याकडं पाणी तुटतं." मी वीस वर्षे कार्यालयात टिपणे लिहिते, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढे मला लिहिता आले नसते. ज्याच्या हातात पाण्याचे दार आहे तो दुष्काळाचा गुण तेवढा घेतो, म्हणजे शेवटचे सहा आठवडे कोरड आणि त्यातून गोडी. ज्याच्या हातात दार नाही त्याला कोरड जेव्हा येईल तेव्हा घ्यावी लागते, आणि ती बहुधा दाणा भरण्याच्या वेळीच येते. मामाच्या ज्वारीला पोटरीत असताना एक, जास्तीत जास्त दोन पाणी मिळाली असती तरी उतारा कितीतरी वाढला असता. रब्बी ज्वारीला पाणी द्यायचे झाले तर पोटरी, फुलोरा आणि दाणा भरताना द्या, असे कृषी विद्यापीठे सांगतातच. उसाला वर्षभर लागणाऱ्या पाण्यात अशी कितीतरी एकर ज्वारी वाचू शकते.

यावर उपाय नाही असे समजू नका. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर वाटले गेले. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला आणि उसासारखे पाणी पिणारे पीक त्या पाण्यावर घ्यायचे नाही असा नियम केला. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्यालाही पाण्यात वाटा, ही गोष्ट आपल्यातल्या अनेक घरांना किती मोलाची आहे हे मी वेगळे सांगायला नको. ती सर्वत्र पसरली नाही, हेही खरे.

आता बियाण्याविषयी, कारण पिशवीची गोष्ट अजून संपलेली नाही.

साखर दाण्यात दुसरेही एक काम करते. बी वाळते तेव्हा त्याच्यातले पाणी जवळजवळ सगळे निघून जाते. एरवी कोणतीही जिवंत पेशी एवढी वाळली तर फुटून मरेल. पण बियातली साखर, विशेषतः रॅफिनोजसारख्या शर्करा, पाण्याची रिकामी झालेली जागा धरून ठेवतात आणि आतला रस काचेसारखा घट्ट करतात. म्हणून बी वर्ष-दोन वर्षे मडक्यात निजून राहते आणि ओल मिळताच उठते. उठताना पहिला घासही याच साखरेचा घेते. हरभरा, तूर, मटकी यांत या शर्करा जास्त असतात. त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, तेथले जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात वारा धरतो. भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून उसळ केली की त्या बऱ्याच कमी होतात. आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र न शिकता साधले होते. ज्वारीला मात्र मोड आणून कच्ची खाऊ नये. ज्वारीच्या कोंबात साखरेला जोडलेला एक विषारी घटक असतो. पाण्याच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीतही तो वाढतो, आणि ती खाल्ली तर जनावर तडफडून मरते. काही भागांत याला किराळ लागणे म्हणतात. पक्व दाण्यात तो नगण्य असतो, त्यामुळे भाकरीला भ्यायचे कारण नाही. भुईमुगाचेही ध्यानात ठेवावे. शेवटी पाण्याचा ताण बसलेल्या शेंगांत एक घातक बुरशी शिरते. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे स्वस्त मिळाले तरी मुलांच्या लाडवात घालू नयेत.

तर ती पिशवी. मे महिन्यात मामाशी बोलताना मी सहज विचारले, की पेरणीला बी किती लागते. तो म्हणाला, एकराला चार किलो. पाच एकरांना वीस किलो. आई ऐकत होती. वीस किलो म्हणजे त्याने तिला पाठवलेली बरोबर तेवढीच पिशवी. त्याच्या घरी त्या वर्षीचा दाणा उरलेला नव्हता, विकून उधारी फेडली होती, आणि नवे बी विकत घ्यायचे म्हणजे पुन्हा दुकान. आईने त्याच संध्याकाळी पिशवीचे तोंड बांधले. पाच किलो खाऊन झाली होती, पंधरा शिल्लक होती.

पण बारीक दाणा पेरायला चालेल का? दाणा लहान म्हणजे कोंबाची शिदोरी लहान. आम्ही चाळण घेतली. वरचे टपोरे दाणे एका ताटात, खाली पडलेले बारीक दुसऱ्यात. अभ्यासिकेतल्या मुलींनी दोन्हींतले शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने लावले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडले. चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत चांगले कोंब मोजले. टपोऱ्यांतले शंभरातले ८३ उगवले, बारीक दाण्यांतले ५९. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. वरचे दाणे त्यात बसत होते. ही परीक्षा करायला एक पैसा लागत नाही आणि कोणाच्या घरी बी राखलेले असेल तर पेरणीआधी ती अवश्य करावी.

चाळून बारा किलो बी निघाले. खालच्या तीन किलोचे आम्ही पीठ केले. भाचा हंगाम संपवून गावी गेलेला होता, म्हणून मीच जूनमध्ये एक दिवसाची रजा टाकून सांगोल्यामार्गे ते पोचवून आले. आईने पिशवीत कडुनिंबाचा पाला घातला होता. बारा किलोत तीन एकर पेरता येतात. २०१९ साली पाऊस उशिरा आणि एकदम आला, वाफसा यायला वेळ लागला, पण पेरणी झाली. मामाने स्वतःच्या दोन एकरांत आणि वाट्याच्या एका एकरात ते बी पेरले. उरलेल्या दोन एकरांना जमीनमालकाने दुकानातून बी आणले आणि त्याचा निम्मा खर्च सुगीला मामाच्या वाट्यातून वळता करून घेतला.